आजीची पैठणी, आजोबांची पत्रिका आणि १२० आमंत्रणं: कात्री लावायच्या आधी

तू ताई म्हणून विचारलंयस म्हणून मीही तूच म्हणते. तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की फेब्रुवारीत लग्न आहे, पत्रिका घरीच हाताने करायच्यात, आणि गावच्या घरातल्या ट्रंकेतून आजीची विरलेली नऊवारी पैठणी, आजी-आजोबांची १९५८ ची लग्नपत्रिका, डबाभर वापरलेले जुने स्टॅम्प आणि एका रुमालात बांधलेले मोडीतले कागद निघालेत, तर हे सगळं वापरून १२० पत्रिका कशा करायच्या. मी पुण्यात बावीस वर्षं बाइंडिंगचं काम करतेय आणि त्यातली पंधरा-सोळा वर्षं दर सीझनला अशा पत्रिका करते, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे आत्ता कात्री कपाटात ठेव, अगदी खरंच ठेव. जुन्या वस्तू वापरून पत्रिका करायची म्हणजे जुन्या वस्तू कापायच्या असं डोक्यात बसलेलं असतं, आणि तू पाठवलेल्या यादीत कापण्यासारखी वस्तू माझ्या मते एकच आहे, ती म्हणजे साडी, तीसुद्धा आधीच विरलीय म्हणून. बाकी सगळ्याची कॉपी होते. एकदा कापलेलं परत जोडता येत नाही हे बोलायला सोपं आहे पण मी ते फार वाईट पद्धतीने शिकलेय. पत्रिकांचं काम सुरू करून दोन-तीन वर्षंच झाली होती, एका घरातून असेच मोडी कागद आले, घरच्यांनीच सांगितलं की रद्दी आहे, कोणाला वाचता येत नाही, पाकिटाच्या आत अस्तर म्हणून लावा, फार सुंदर दिसेल. मी लावलं. सुंदर दिसलंच. पत्रिका वाटून झाल्यावर त्यांच्या एका वयस्कर नातेवाइकांनी पाकीट उघडलं, त्यांना मोडी येत होतं, आणि त्यांनी वाचलं तर ते घराण्याच्या वाटणीचं पत्र होतं, चार पिढ्यांची नावं होती त्यात, आणि ते साठ-सत्तर पाकिटांत तुकडे होऊन सगळीकडे गेलं होतं. मी आणि त्या घरातल्या सुनेने फोन करकरून जेवढी पाकिटं मिळाली तेवढी परत आणली, अर्धीसुद्धा मिळाली नाहीत. तेव्हापासून मोडी कागद वाचून घेतल्याशिवाय मी हातात ब्लेड धरत नाही.

म्हणून तुझा तो रुमाल आहे तसाच ठेव. मोडी लिपी १९५० च्या आसपासपर्यंत रोजच्या व्यवहारात होती, त्यामुळे तुझ्या घरातले कागद शंभर वर्षांपूर्वीचे असतील किंवा दोनशे, बघून कळणार नाही, वाचून कळेल. मोडी वाचणारे लोक आता बरेच आहेत, वर्ग चालतात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली काढलेलं, तिथे जाऊन विचार, कोणीतरी रस्ता दाखवेल. सातबाऱ्याच्या भानगडी, वतनाचे कागद, देवस्थानाची सनद, वंशावळ, किंवा नुसतं वाण्याच्या उधारीचं टिपण, काहीही निघू शकतं. आणि अजून एक, पंच्याहत्तर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं-दस्तऐवज १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात आणि तसली वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, तुझे नातेवाईक अमेरिकेत आहेत म्हणालीस म्हणून सांगते. तुला ती मोडीची ओळ पाकिटात हवीच असेल तर कागद सपाट करून ६०० डीपीआयला स्कॅन कर, ज्यात कोणाचा खाजगी व्यवहार नाही अशी एखादी ओळ, 'श्री' ची सुरुवात, किंवा नुसती अक्षरांची नक्षी घे, आणि ती छाप. पाकीट उघडणाऱ्याला दिसतं ते तेच दिसतं. स्कॅन करताना कागद घड्यांवर मोडत असेल तर जबरदस्तीने उलगडू नकोस, वर काच ठेवून मोबाइलने दिवसाच्या उजेडात सरळ वरून फोटो काढलास तरी चालतो.

आता आजोबांची पत्रिका. मला विचारशील तर तुझ्या ट्रंकेतली सगळ्यात कामाची वस्तू ही आहे, साडीपेक्षाही. उलटी करून मागून बोट फिरवून बघ, अक्षरांचा उठाव हाताला लागला तर ती खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून ट्रेडलवर, म्हणजे जुन्या दाबाच्या छपाई मशीनवर, छापलेली आहे, आणि १९५८ ची आहे म्हणजे बहुतेक लागेलच. वर गणपतीचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, वापरलेला असेल, कडेने वेलबुट्टीची किनार असेल, ती किनारसुद्धा छोट्या छोट्या शिशाच्या तुकड्यांनी जुळवलेली असते, कोपऱ्यावर कुठे तरी सांधा अर्धा मिलिमीटर उघडा राहिलेला दिसेल, भिंग घेऊन बघ, मला ते बघायला आजही फार आवडतं. आपल्याकडे देवनागरी छपाईला जे वळण आलं ते मुंबईच्या छापखान्यांतून आलं, गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पहिलं मराठी पंचांग छापलं, मग जावजी दादाजींचा निर्णयसागर १८६९ चा, त्यांच्या खिळ्यांचं नाव देशभर होतं, आणि साध्या तालुक्याच्या छापखान्यातली पत्रिकासुद्धा त्याच वळणाची वाटते. तर ती पत्रिका स्कॅन कर, गणपती आणि किनार तेवढी वेगळी साफ करून घे (कोणीही ग्राफिकवाला तासाभरात करून देतो, फक्त त्याला सांग की रेषा गुळगुळीत करू नको, तुटकपणा राहू दे), आणि तुझ्या पत्रिकेवर तोच गणपती आणि तीच किनार वापर. अडुसष्ट वर्षांनी त्याच घरात तोच गणपती पत्रिकेवर बसतोय, हे ज्याला माहितीये त्याच्या डोळ्यात पाणी येईल आणि ज्याला माहिती नाही त्यालाही काहीतरी खरं हातात आल्यासारखं वाटेल. मूळ पत्रिकेला चिकटपट्टी लावू नकोस, आधीच लावलेली असली तर ओढू नकोस, लॅमिनेशन तर अजिबातच नको.

पुण्यात पेठांमधल्या काही छापखान्यांत ट्रेडल मशीन अजून आहे, पण आता त्यावर जास्त करून नंबर टाकणं, क्रीज मारणं, छिद्रांची ओळ पाडणं हीच कामं होतात. तरी विचारून बघ, गणपतीचा आणि किनारीचा ब्लॉक करून घेतलास तर तेवढंच ट्रेडलवर दाबून मिळू शकतं आणि मजकूर स्क्रीन प्रिंटिंगने. मशीनवाले काका वयस्कर असतील तर आदल्या दिवशी जाऊन कागदाचा नमुना दाखव, त्यांना कागद हातात घेऊन बघू दे, ते स्वतःच सांगतील दाब किती लागेल.

कागदाचं बोलायचं तर हातकागद घे, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला साधा कागद घेऊ नकोस. हे मी जरा आग्रहाने सांगतेय कारण व्हिडिओंमध्ये सगळीकडे तेच दाखवतात. चहाने कागद वेडावाकडा होतो, एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही, आणि मुख्य म्हणजे ते जुनं नसतं, जुन्याची नक्कल असते, आणि तुझ्याकडे खरं जुनं असताना नकलेची गरजच काय. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथे जाऊन कागद हाताळून बघ. हा कागद बहुतेक होजिअरीच्या, म्हणजे बनियन-टीशर्टच्या कापडाच्या कतरणीपासून होतो, सुती असतो, लाकडाच्या लगद्याचा नसतो, म्हणून तो वर्तमानपत्रासारखा पिवळा पडून मोडत नाही. आपल्या भागात हे काम फार जुनं आहे, दौलताबादजवळ कागझीपुरा आहे, जुन्नरचा कागद नावाजलेला होता, पेशवाईतली दफ्तरं असल्याच कागदांवर टिकली. पांढऱ्यापेक्षा किंचित मळकट, क्रीम घे, पैठणी त्यावर खुलते.

आता वजनाचा हिशोब, इथे खूप जण फसतात. ए-फोर कागद म्हणजे एक चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणून जीएसएमला, म्हणजे एक चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधल्या वजनाला, सोळाने भागलं की एका ए-फोरचं वजन ग्रॅममध्ये येतं. २४० चा कागद घेतलास तर मधे घडी घातलेली एक पत्रिका १५ ग्रॅम, १२० च्या कागदाचं पाकीट साधारण साडेसात, झाले साडेबावीस, अजून साडीचा तुकडा आणि चिकटवायची मैद्याची खळ यायचीच आहे, आणि पोस्टाची पहिली पायरी २० ग्रॅमला संपते. म्हणजे प्रत्येक पत्रिकेला पुढच्या पायरीचं टपाल. २०० चा कागद आणि १०० चं पाकीट घेतलंस तर साडेबारा आणि सहा-सव्वासहा, काठाचा छोटा तुकडा धरून कसंबसं वीसच्या आत बसतं. एक पूर्ण तयार नमुना घेऊन पोस्टात जा, त्यांच्या काट्यावर ठेव, मगच कागद खरेदी कर, हे उलट क्रमाने करू नकोस.

आणि १२० हा आकडा माणसांचा आहे की घरांचा? पत्रिका घराला एक जाते, त्यामुळे यादी परत एकदा काढ, बऱ्याचदा १२० चे ८५ होतात. मग त्यावर दहा टक्के जास्त धर, कारण हातकामात दर वीस-पंचवीसला एक बिघडतेच आणि शेवटच्या आठवड्यात आईला राहिलेली तीन घरं आठवतात. एका पत्रिकेला माझ्या हाताला वीस मिनिटं लागतात, तुला सुरुवातीला पस्तीस लागतील, १२० धरल्यास सत्तर तास होतात ते, म्हणजे ऑफिस सांभाळून दीड-दोन महिन्यांचे शनिवार-रविवार. एक-एक पत्रिका पूर्ण करत बसू नकोस, एका बैठकीत सगळ्या घड्या, दुसऱ्या बैठकीत सगळं चिकटवणं असं कर. भावंडांना बोलाव पण चिकटवायचं काम एकाच हाताकडे ठेव, नाहीतर प्रत्येक तुकडा वेगळ्या तिरक्या कोनात बसतो.

आता साडी. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

आधी घरात सगळ्यांना विचार. आजी असतील तर त्यांना, नसतील तर आईला, मावशीला, आत्याला, कारण ज्या साडीला तू विरलेली म्हणतेस ती कोणाच्या तरी लेखी लग्नातली साडी असते आणि नंतर मनात राहून जातं. मग साडी उन्हात नाही, खिडकीपाशी उजेडात पसर आणि आरपार बघ. रेशीम जिथे वर्षानुवर्षं घडी पडली तिथेच चिरतं, त्यामुळे सरळ रेषांत फाटलेली दिसेल, आणि नेसताना कासोट्याला जो भाग जातो तोही गेलेला असेल. पदर धड असेल तर पदराला हात लावू नकोस, माझं ऐकच. पदराची फ्रेम होते, उशीचा अभ्रा होतो, लग्नात चौरंगावर टाकायला आसन होतं, काहीही होतं, पण पदरावरचा मोर कापून १२० तुकडे केलेले मला बघवत नाही. काठ घे, आणि काठसुद्धा लागेल तेवढाच.

किती लागेल ते बघू. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, दोन काठ मिळून ६४८ इंच. तुला आवडलाय तो पट्टा, पत्रिकेभोवती आडवा गुंडाळलेला, ए-फाइव्हला दोन्हीकडे आत वळवायला धरून आठ इंच लागतो, म्हणजे साडी अगदी नवीकोरी असती तरी ८१ पट्टे झाले असते, आणि एक तृतीयांश काठ खराब धरला तर ५४. म्हणजे पट्टा शक्य नाही. पण दोन इंचाचे तुकडे केलेस तर खराब भाग सोडूनही दोनशेच्या वर निघतात. तेव्हा पत्रिकेच्या पुढच्या बाजूला दीड इंचाची चौकोनी खिडकी कापून तिच्या मागून काठाचा तुकडा बसव, वरून नुसता चिकटवू नकोस. खिडकीमुळे तुकड्याच्या कडा झाकल्या जातात, धागे सुटत नाहीत, आणि पाकिटात सरकताना काठातली जर, म्हणजे सोनेरी धागा, घासत नाही.

काठातली जर खरी आहे का तेही एकदा बघ. खराब भागातला एक धागा ओढून नखाने उलगड, आत रेशमाचा धागा आणि वर गुंडाळलेली चांदीची तार असेल तर ती जुनी खरी जर, ती तार खरवडल्यावर तांब्याची दिसली तर टेस्टेड, म्हणजे तांब्यावर मुलामा दिलेली. खरी निघाली तर काळवंडलेली असेल, त्याला लिंबू-चिंच-टूथपेस्ट काही लावू नकोस, काळसर सोनेरी तीच तिची शोभा आहे. आणि जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे, भांडी देऊन घेणारे दारावर येतात, त्यांना उरलेली साडी घाईत देऊन टाकू नकोस, त्यातली चांदी वितळवली जाते आणि साडी संपते.

साडी ट्रंकेतून काढल्यावर कसर-झुरळांचा वास किंवा बारीक भोकं दिसली तर ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद कर आणि दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेव, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस बाहेरच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर कापडावर पाणी धरतं. कागदांनाही हेच चालतं.

रेशीम नुसतं कापून कागदावर चिकटवलं की काम बिघडलं म्हणून समज. मी एका सीझनला ऐंशी पत्रिकांवर फेविकॉल पातळ करून रेशीम लावलं होतं, लावलं तेव्हा छान, दोन दिवसांनी गोंद कापडातून वर आला, काळपट डाग, तुकडे पत्र्यासारखे कडक, सगळ्या परत केल्या मी स्वखर्चाने. म्हणून आधी कापडाला मागून कागदाचं अस्तर द्यायचं, मग कापायचं. आम्ही बाइंडिंगवाले कापडाच्या पुठ्ठ्यासाठी हेच करतो.

त्यासाठी खळ कर. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळी न ठेवता कालवून वीस मिनिटं भिजू दे, मग मंद आचेवर सतत हलवत राहा, पांढरी असते ती हळूहळू पारदर्शक आणि चकचकीत व्हायला लागते, चमच्यावरून जाड सायीसारखी सोडली पाहिजे, उतरवून गार झाली की मलमलच्या फडक्यातून गाळून घे. गाळायचा कंटाळा करू नकोस, एक बारीक गुठळी रेशमाखाली कायम दिसते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून, तू घालू नकोस, विष आहे ते, आणि पत्रिका लहान मुलांच्या तोंडात जातातच. त्यापेक्षा थोडी थोडी कर, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते, आंबट वास आला की फेकून दे. डिसेंबर-जानेवारीत करतेयस म्हणून बरं आहे, पावसाळ्यात खळीवर बुरशी येते आणि मी जुलै-ऑगस्टमध्ये हे काम घेतच नाही.

मग काचेवर किंवा सनमायकाच्या टेबलावर साडीचा हातभर लांबीचा काठ उलटा पसर, पाण्याचा अगदी बारीक फवारा मार, आणि उभे-आडवे धागे बोटांनी सरळ करून घे, पैठणीच्या काठावरची नक्षी वाकडी झाली तर ती कायम वाकडी राहते. पातळ हातकागद, तीसेक जीएसएमचा, कापडापेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठा, त्याला ब्रशने खळ लाव आणि दोन मिनिटं थांब, कागद पाणी पिऊन फुगतो तो फुगू दे, न थांबता लावलास तर नंतर कापडावर फुगून सुरकुत्या पडतात. मग तो कापडाच्या पाठीवर टाक, कोरड्या ब्रशने मधून बाहेर सारत ने, हवा निघाली की अख्खं उचलून उलटं करून, म्हणजे रेशीम वर येईल असं, कागदाच्या बाहेर आलेल्या इंचभर कडांना खळ लावून त्या लाकडी फळीला चिकटव. सुकताना ते ढोलक्याच्या पानासारखं ताणून घेतं. दुसऱ्या दिवशी कडेने नवीन ब्लेड फिरवून सोडव, आता ते कापड कागदासारखं कापता येतं, धागा सुटत नाही, मागून गोंद पुढे येत नाही.

फक्त त्याआधी रंग सुटतो का ते बघितलंच पाहिजे. पांढऱ्या कापसाचा बोळा ओला करून काठाच्या लाल-हिरव्या भागावर अर्धा मिनिट दाबून धर, बोळ्यावर रंग आला तर ओल्या खळीचं काम तिथेच थांबव. मग शिंप्याकडे मिळतं ते पातळ पेस्टिंगचं कापड घे, रेशमाच्या सेटिंगला, मधे मलमल ठेवून, इस्त्री न घासता नुसती दाबत दाबत लाव. खळीइतकं सुंदर बसत नाही पण रंग तरी वाचतो.

साडी जर सुती निघाली असती, आजीची रोजची, धुऊन धुऊन मऊ झालेली, तर मी तुला वेगळंच सांगितलं असतं, कदाचित तुझ्याकडे तीही असेल, गोधडीसाठी ठेवलेली असते प्रत्येक घरात. पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात, तुझे मोडी कागद बांधलेत तसेच. पत्रिका पोथीसारखी लांबट, सुट्या तीन पानांची, आणि ती सुती साडीच्या छोट्या रुमालात बांधून वर लाल-पिवळा नाडा. हाताने नेऊन द्यायच्या वीस-पंचवीस पत्रिका, मामांच्या, आत्यांच्या, गुरुजींच्या, अशा करता येतील आणि बाकीच्या खिडकीवाल्या पोस्टाने. मला दोन प्रकार करणं नेहमी बरं वाटतं, सगळ्यांना सारखंच दिलं पाहिजे असं काही नाही, घरी जाऊन अक्षत द्यायची ती माणसं आणि पोस्टाने कळवायची ती माणसं आपल्याकडे पहिल्यापासून वेगळीच आहेत.

स्टॅम्पचं थोडक्यात. कापायच्या आधी एखाद्या संग्राहकाला डबा दाखव, १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेल्या गांधीजींच्या चार स्टॅम्पपैकी दहा रुपयांचा सापडला तर तो चिकटवायचा नसतो. नेहमीचे साधे असतील ते कोमट पाण्यात तरंगत ठेव, पाठीचा कागद आपोआप सुटतो, टीपकागदावर पालथे सुकव आणि मग वहीत दाबून ठेव. आण्यांचे असतील तर १९५७ च्या एप्रिलच्या आधीचे, कारण तेव्हा नवे पैसे आले. लाव ते आतल्या बाजूला, पाकिटाच्या बाहेर जुना स्टॅम्प नको, टपालात गोंधळ होतो. आणि एका पत्रिकेला एकच. लाखेची मोहोर हवीशी वाटेल, पण आपली साधी लाख टपालाच्या पिशवीत तडकते, हाताने द्यायच्या पत्रिकांवरच लाव.

छपाईबद्दल एवढंच की हातकागद लेझर प्रिंटरमध्ये घालू नकोस, खडबडीत भागावर टोनर बसत नाही आणि घडीवर सुटतो. स्क्रीन प्रिंटिंग छान बसतं. मजकूर युनिकोडमध्ये टाइप कर आणि छापखान्याला फाँटची आउटलाइन केलेली पीडीएफ दे, कारण बऱ्याच ठिकाणी जुने फाँट आहेत आणि तुझा मजकूर तिथे टाकला की जोडाक्षरं फुटतात. 'येणाऱ्या' चं 'येणार्या' झालंय का ते प्रूफवर मुद्दाम शोध, मी दरवर्षी किमान एका पत्रिकेत ते पकडते. जुन्या पत्रिकेशी जुळणारं वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी हा फुकट मिळणारा फाँट बघ, ल आणि श आपल्या पद्धतीचे आहेत त्यात.

मजकूर आजोबांच्या पत्रिकेतूनच घे, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून, चि. आणि चि. सौ. कां. सकट, ती भाषा अजून गोड लागते. पण त्यात बहुतेक आजीच्या आईचं नाव नसेल, निमंत्रक म्हणून सगळे पुरुषच असतील, ते मात्र जसंच्या तसं घेऊ नकोस, आईचं आणि दोन्ही आज्यांची नावं घाल. शक लिहिताना सांभाळ. आजोबांचं लग्न मे १९५८ चं, म्हणून ७८ वजा करून शके १८८० बरोबर आहे, पण तुझं फेब्रुवारीत, पाडव्याच्या आधी, तिथे ७९ वजा करायचे, म्हणजे २०२६ चा फेब्रुवारी शके १९४७. हे छापून आल्यावर लक्षात येतं आणि मग काकांचा फोन येतो. तुझ्या घरात १९५८ च्या वर्षाचं जुनं पंचांग असेल तर त्या तिथीचं पान स्कॅन करून आणि यंदाच्या पंचांगातलं तुझ्या मुहूर्ताचं पान स्कॅन करून दोन्ही शेजारी शेजारी पाकिटाच्या आत छाप, मोडीपेक्षाही मला ही कल्पना जास्त आवडते, कारण ती वाचता येते.

हळद-कुंकू सगळ्यात शेवटी, पत्रिका पूर्ण सुकल्यावर आणि पाकिटात घालायच्या आदल्या दिवशी. कोरड्या बोटाने लाव, साबणाचा अंश हाताला असला की हळद लाल पडते, शेवटी हळदीला चुना लावूनच तर कुंकू करतात. चारही कोपऱ्यांना, पण काठाच्या खिडकीपासून लांब, रेशमावरचा हळदीचा डाग जात नाही. पहिली कुलदैवताला, त्यावर नाव काही लिहायचं नसतं, बाकीच्या पाकिटांवर पत्ते मात्र हाताने लिही, पाण्याने न फुटणाऱ्या शाईने.

आता यातलं आज करण्यासारखं एकच आहे, साडीच्या खराब भागावर ओला बोळा दाबून बघ आणि मला कळव रंग सुटला का, कारण खळ की पेस्टिंग ते ठरल्याशिवाय कागदाची जाडी ठरणार नाही. आणि मोडी वाचून घेतलेस की काय निघालं तेही सांग.